बहिष्काराच्या दिवशी आईचं मत

ओढ्यावर पूल होत नाही म्हणून आमच्या गावानं मतदानावर बहिष्कार टाकला. मावळात, औंढ्याच्या आतल्या अंगाला आमचं लहानसं गाव. मी नोकरीला लोणावळ्यात, पण मत गावातच. आदल्या संध्याकाळी घरी गेले, तर आई ठेवणीतलं लुगडं काढून बसलेली.

"अगं, बहिष्कार आहे ना?"

"गावाचा हाय. माजा न्हाई."

सकाळी दोघी निघालो. आमची बौद्धवस्ती गावाच्या टोकाला, शाळेत जायचं तर पारावरूनच. तिथं गावातले मोठे जमीनदार बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात.

"बाई, गावाच्या इरोधात चाललीस?"

"पूल मला बी पायजे, आबा. ह्या पोरीला पाण्यातनं खांद्यावर घेऊन शाळंत न्हेलंय म्या. पन मत न देता पूल मागू कुनाकडं?"

"तुमी दोगींनीच दिलं तर मोजनीत कुनाला दिलं ते समद्यांना कळंल."

आई मात्र थांबलीसुद्धा नाही. "कळू द्या की," म्हणाली.

शाळेतले निवडणूक कर्मचारी पेंगत होते. आम्हाला बघून खुर्च्या सावरून बसले. आधी आईनं बटण दाबलं, मग मी.

बाहेर येतो तर गावातली तरणी मंडळी जीप भरून शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला निघालेली. सुट्टीच होती! आई जीपला आडवी झाली.

"बहिष्कार हाय ना? मग शाळंच्या दारात उन्हात बसा. साहेबांना जाब इचारा. कुनीच नको आसंल तर त्याचं बी बटन हाय. फिरायला कशापायी चाललाय?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. जीप वळसा घालून निघून गेली. मला राग आला तो त्या हसण्याचा. बहिष्काराचं दुःख मला कळत होतं, ही मजा कळत नव्हती.

दुपारपर्यंत वस्तीतली आणखी काही माणसं मत देऊन आली. आणि उन्हं कलताना, डोक्यावर पदर घेऊन, आबांची थोरली सून. कुणाशी न बोलता आली, तशीच गेली.

पूल अजून झालेला नाही. परवा ग्रामसभेत आईनं तो विषय काढला, तेव्हा एकजण खेकसला, "तुज्या मतानं तरी कुटं झाला?"

"न्हाई झाला," आई म्हणाली. "ज्याला दिलं त्याला फुडच्या बारीला पाडीन. तुमी कुनाला पाडनार?"