दुधाच्या दाढेला टोपी

माझ्या थोरलीची दुधाची दाढ किडली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आमचं घर रामनगरपासून दोन कोस आत, रानाकडेला. लवंग झाली, हिंग झाला, पोरीचं रडणं काही थांबेना. शेवटी भाताची लावण उरकली तशी मी तिला घेऊन बेळगावच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, दाढ कोरून सिमेंट भरता येईल, नाहीतर वरून स्टीलची टोपी बसवता येईल. "पण कीड तीन बाजूंनी पसरलीय, बाई. भरलेलं टिकायचं नाही. टोपी घातली तर दाढ आपोआप पडेपर्यंत राहील."

मला हसूच आलं. "पडायचीच हाय नव्हं ती? मग तिला टोपी कशाला? भरा तेवढी."

दाढ वेळेआधी गेली तर जागा बुजते आणि मागून येणारा पक्का दात वाकडा येतो, हेही त्यांनी समजावलं. पण माझा स्वभाव असा, एकदा बोलले की बोलले. शिवाय पोरीच्या तोंडात पत्रा चमकलेला मला नको होता. भरूनच घेतली. कडक काही देऊ नका, एवढं त्यांनी बजावलं.

पोरगी खुर्चीत हूं की चूं न करता बसली होती. त्याचं मला इतकं कौतुक वाटलं, की घरी आल्यावर मी निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या भाजून तिच्या ओंजळीत घातल्या. आमच्याकडे पावसाळ्यात आठळी रोजचीच, टरफल दातानंच फोडायचं. ती कडक असते, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या की तिसऱ्या आठळीला ती कळवळली. भरलेलं निघालंच, दाढेची एक बाजूही सोबत गेली.

चार दिवसांत गाल सुजला. पुन्हा बेळगाव गाठलं. आता टोपी बसवायलाही दाढ उरली नव्हती, काढावीच लागणार होती. डॉक्टर माझ्यावर चिडले. "काय खायला दिलंत हिला?"

गालावर हात धरून पोरगीच बोलली, "आईनं न्हाई दिलं. मीच चोरून आठळी खाल्ली."

डॉक्टर मग तिलाच रागावले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी गप्पच राहिले.