उरकून टाकू

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. काळाला तरी गोड लागू नये. ती जगली. बारावीची परीक्षा तोंडावर असताना तिला कुंकू लावायचा कार्यक्रम ठेवला आणि त्याच सांजेला ती सासरी गेली. पाहुणे जमलेत, जेवणं झालीत, पुन्हा मांडव कशाला, असं कुणीतरी म्हणालं आणि तिच्या बापानं मान डोलावली. परीक्षा तोंडावर होती, ती तोंडावरच राहिली. आपल्याकडे याला साधेपणा म्हणतात. हा साधेपणा पोरीच्याच आयुष्यातून कापून काढतात, ते मात्र कुणी म्हणत नाही.

नवरा वाळूजला कंपनीत होता. तो वारल्यावर कडूबाईनं तिथंच दोन खोल्यांत खाणावळ घातली. रात्रपाळीहून आलेल्या पोरांपैकी एखादा म्हणे, काकू, वरण पातळ झालंय. तर ही म्हणायची, मग बायको कर आणि तिला सांग. अशी ठसक्याची बाई, पण लेकीच्या बाबतीत जीव मुठीत. प्रेरणाला कॉलेजातून यायला उशीर झाला की तव्यावरची भाकरी करपलीच म्हणून समजा.

प्रेरणा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, इंग्रजी घेऊन. अभ्यासाला एक जुनं शोकांत नाटक होतं. एकदा कांदे चिरता चिरता तिनं आईला ते सांगितलं. दोन घरांचं हाडवैर, त्यातून जुळलेलं प्रेम, आणि मुलीचा बाप दुसरीकडेच तिचं लग्न ठरवतो. ठरवलेला दिवससुद्धा आणखी अलीकडे ओढतो. त्या ओढाओढीत निरोप वेळेवर पोचत नाही आणि दोन्ही लेकरं जिवाला मुकतात. कडूबाईला वैराचं काही वाटलं नाही, भावकी तिनं पाहिलेली होती. राग आला तो बापाचा.

"एवढी कशाची घाई सुटली होती मुडद्याला?" ती म्हणाली.

पुढे थोरल्या दिरांनी, तात्यासाहेबांनी, प्रेरणासाठी स्थळ आणलं. मुलगा इंद्रजीत, नोकरीला, शेतीही बरी. प्रेरणाला तो आवडला नाही असं नव्हतं. ती एवढंच म्हणाली की आधी पेपर देते, तोवर त्याच्याशी चार गोष्टी बोलते, मग लग्न. तात्यासाहेबांनी सगळ्यांसमक्ष शब्द दिला. सध्या फक्त कुंकू, बाकी परीक्षेनंतर.

कार्यक्रम कन्नडकडच्या गावी, तात्यासाहेबांच्या दारात. मांडव जरा मोठाच दिसत होता, पण विधवा बाईनं मांडवात फार फिरू नये म्हणून कडूबाईला भाजीच्या पातेल्यापाशी बसवलेलं. तिथं जाऊ चतुराबाई आली आणि पदराआडून बोलली.

"पाहुणे म्हणतेत, समदे जमलेच हायेत तर आजच उरकून टाकू. ह्यांनी व्हय म्हणलं."

कडूबाई हात न धुताच उठली. बाहेर येऊन पाहते तर व्याह्यांच्या पिशवीतून अंतरपाट निघाला, मुंडावळ्या निघाल्या आणि पाठोपाठ डोरलंही निघालं. आत्ता सुचलेल्या लग्नाचं डोरलं सोनारानं कधी घडवलं होतं? आणि पुतण्या शिवराजनं तर कहर केला. अजून अक्षताही वाटल्या नव्हत्या, तोच भावकीच्या ग्रुपवर त्यानं फोटो टाकला: साखरपुड्यातच शुभमंगल, समाजापुढे आदर्श! खाली हात जोडलेली चित्रं, अभिनंदनं. जिचं लग्न, तिला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

प्रेरणाला आत बायका शालू नेसवत होत्या. आई दिसताच तिला रडू फुटलं.

"मुलगा वाईट नाही गं आई. पण आज नको. मी दोनदा म्हणाले, ह्या नुसत्या हसतायत."

बायका तेव्हाही हसल्याच. पोरी आधी नाहीच म्हणतात, असं एकीनं सांगून टाकलं.

कडूबाई तात्यासाहेबांकडे गेली. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. ते आवाज न चढवता, समजूतदारपणे बोलले. अशीच माणसं फार वाईट. "बिनबापाची पोर हाय. पाहुणे उठून गेले तर पुन्हा कोण दारात येईल? कन्यादानाला मी अन् तुझी जाऊ बसतो. तू पंगतीचं बघ."

कडूबाई पंगतीकडे गेली नाही. ती सरळ मांडवात गेली आणि कन्यादानाच्या पाटावर जाऊन बसली. पांढरं कपाळ, हळद-मसाल्याचे हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

भटजी थांबले. मुलाच्या आईनं नवऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं आणि मग मोठ्यानं म्हणाली, "बाई, शुभकार्य हाय. तुम्ही इथं बसायचं नसतं."

"नऊ महिने पोटात मीच वागवली. तवा कुणी म्हणलं नाय, शुभ हाय का अशुभ," कडूबाई म्हणाली. "दान माझं हाय. अन् मी आज देत नाय. तिचे पेपर होऊ द्या, तिला बोलू द्या, मग मीच इथं बसून देईन."

सगळे इंद्रजीतकडे पाहू लागले. त्यानं बापाकडे पाहिलं. उंबऱ्यात उभी असलेली प्रेरणा त्याच्याकडे पाहत होती, हे त्याला दिसलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. बाप उठला, तसा तोही उठला. न जेवता सगळे गाड्यांत बसले. नाक कापलंस, एवढंच तात्यासाहेब म्हणाले. दिलेला शब्द मोडला तेव्हा त्यांचं नाक शाबूत होतं.

ग्रुपवरचा फोटो मात्र शिवराजनं काढला नाही; म्हणे, काढला तर चर्चा होईल. त्यामुळे पुढे कितीतरी दिवस कडूबाईला अभिनंदनाचे फोन येत राहिले. प्रेरणा आतल्या खोलीत पुस्तकं पसरून बसलेली, म्हणून ती हळू आवाजात एकेकाला सांगायची, लग्न झालेलं नाही, पोरीची परीक्षा आहे.

पैठणच्या मावसबहिणीनं उसासा टाकला आणि विचारलं, मग आता कधी उरकायचं?

"तिला विचारून सांगते," कडूबाई म्हणाली.