डॉक्टरांच्या ड्रिलची मैफल

दातांच्या डॉक्टरांना ड्रिलचा आवाज मनापासून आवडायचा, हीच खरी पंचाईत होती. ज्या आवाजानं भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, तो कानावर पडला की हा माणूस खुलायचा. ड्रिल दाताला टेकलं की सूर खाली येतो, उचललं की वर चढतो. डॉक्टरांना ती सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींडच वाटायची.

मग काय, पेशंटला विचारून ते रेकॉर्डर लावायला लागले. ड्रिल, लाळ ओढणाऱ्या नळीचा सुरसुराट, गुळणीची खळखळ, मागच्या मोरीतल्या कॉम्प्रेसरची धडधड. दुपारी दवाखाना बंद झाला की कॉम्प्युटरवर हे सगळं कापायचं, ताणायचं, उलटं फिरवायचं आणि त्यावर स्वतः व्हायोलिन वाजवायचं.

बायको बाहेर काउंटरवर बसायची. नंबर देणं आणि घाबरलेल्यांना धीर देणं हे खातं तिचं. डॉक्टरांची हौस एकच, की आपलं हे संगीत तिनं एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं. पण पहिल्या घरघरीलाच ती कानात बोटं घालायची.

"अहो, दिवसभर भिंतीपलीकडून ऐकते ते पुरे नाही का?"

"अगं, पण यात व्हायोलिन आहे."

"म्हणजे दुखणाऱ्याच्या शेजारी बसून रडणारा एक वाढला, इतकंच!"

अखेर एका छोट्या सभागृहात डॉक्टरांना वाजवायची संधी मिळाली. बायको आली, पण बसली दाराला लागून, थोरल्या भावाला शेजारी घेऊन. स्टेजवरून डॉक्टरांनी ती जागा बरोबर हेरली. तिथून कधीही सटकता येत होतं.

कॉम्प्रेसर धडधडला, माना डोलल्या. व्हायोलिन आलं, लोक सैलावले. आणि दोन्ही स्पीकरांतून ड्रिल सुरू झालं! झाडून सगळ्यांचे हात गालावर. डॉक्टरांची हनुवटी व्हायोलिनवर, ऐकणाऱ्यांची तळहातावर. सगळ्यात आधी उठला तो मेहुणा.

"दादा, कुठे निघालास?"

"माझी अक्कलदाढ जागी झाली गं. जावईबापूंना सांग, फार छान झालं."

"अजून झालंय कुठे? बस खाली."

पण त्याच्यामागे आणखी माणसं दाराकडे सरकली होती. मग तीही उठली. डॉक्टरांनी वाजवता वाजवता पाहिलं. गेली!

ती मात्र दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिच्या रोजच्या, काउंटरवरच्या आवाजात म्हणाली, "काही होत नाही हो, झालंच आता. खुर्चीचा हात धरा, मोठा श्वास घ्या. मावशी, तुम्ही माझा हात धरा बघू."

मेहुण्यासकट सगळे निमूट जागेवर जाऊन बसले. मावशींनी धरलेला हात काही सोडला नाही.

शेवटची गुळणी खळखळून विरली. टाळ्या पडल्या, त्यातल्या निम्म्या सुटकेच्या होत्या. डॉक्टर व्हायोलिन घेऊन तडक दाराशी आले.

"ऐकलंस सगळं?"

"न ऐकून करते काय? दार मीच अडवलं होतं!"

"मग?"

ती आपली चेपलेली बोटं चोळत राहिली. "ते ड्रिल चढत चढत जातं आणि खालून तुमचं व्हायोलिन येतं ना, तिथे फार घाई केलीत. अंगावर काटा उभा राहतोय, तोवर तुमचं पुढचं सुरू."

डॉक्टरांनी आनंदानं व्हायोलिन छातीशी धरलं.

"असे बघत काय राहिलात? तेवढं नीट करा, मग पुन्हा ऐकीन. पण आधी दादाला उठवा. त्यानं अजून खुर्चीचा हात सोडलेला नाही."