पापडासाठी लोणार

लग्न होऊन नेवाशाला आले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही लोणारला गेलो. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. सासरे इतिहासाचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. लोणारचं खारं तळं त्यांनी जन्मभर वर्गात शिकवलं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना तळ्यात काडीचा रस नव्हता. पण तिथल्या खाराने पापड लई फुलतो, असं त्यांनी माहेरी ऐकलं होतं आणि उडीद दळून तयार होता. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून दोघांच्या सोबतीला मी.

जालन्याला सासऱ्यांच्या मावसभावाकडे मुक्काम केला आणि सकाळी एसटीने लोणार गाठलं. पायवाटेने खाली उतरताना सासऱ्यांचा तास सुरू झाला. आभाळातून दगड कोसळून हा खड्डा पडला. लोक मात्र म्हणतात, इथे लवणासुर मारला, म्हणून पाणी खारट. पूर्वी इथला खार बैलांवर लादून लांब लांब जायचा. साबणाला, काचेला, बांगड्यांना, कापड रंगवायला.

"आन् पापडाला," सासूबाई म्हणाल्या.

"पापडालाही. पण तो मुख्य उपयोग नव्हे."

"खानाऱ्याला इचारा."

तळ्याच्या काठी देवीच्या देवळाजवळ एक विहीर होती. तिथे येताच सासरे एकाएकी गप्प झाले.

"ही कसली विहीर?" सासूबाईंनी विचारलं.

"सासू-सुनेची म्हणतात. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट."

"गोड कुनाचं?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "त्याबाबत एकमत नाही."

सासूबाईंनी पदर खोचला. एका बाजूचं पाणी त्यांनी चाखलं, दुसऱ्या बाजूचं मला चाखायला लावलं. मग आम्ही जागा बदलल्या. दोघीही तोंडं वाकडी करून थुंकलो.

"दोनी बाजूला सारखंच खारट हाय की," त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या. वर्षभरात त्या माझ्याबरोबर इतकं हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मीही हसले. सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून चष्मा चढवला.

काठावर पाणी आटून पांढरी खपली धरली होती. सासूबाई ती खरवडून पिशवीत भरू लागल्या. "आतल्या बाजूला चांगला खार असतो," असं म्हणत सासरे पुढे गेले. वरून वाळलेला दिसणारा चिखल आतून लोण्यासारखा होता. त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि ते सावकाश, मोठ्या रुबाबात, खाली बसले. नासक्या अंड्यांचा वास सुटला. सासूबाईंनी आधी पिशवी कोरड्या जागी नीट ठेवली, मग नवऱ्याला हात दिला.

वर येऊन गोड्या पाण्याच्या धारेखाली त्यांना धोतरासकट उभं केलं. चिखल गेला, वास गेला नाही. परतीच्या एसटीत आमच्या पुढची-मागची बाकं रिकामी झाली. कंडक्टर लांबूनच हात पुढे करून म्हणाला, "बाबा, कुठं गेल्ता?"

एवढं विचारलं आणि गाडीभर लोकांना जालन्यापर्यंत तळ्याचा इतिहास ऐकावा लागला. सगळे लांब बसलेले, त्यामुळे सासऱ्यांनी वर्गातला आवाज लावला होता. इतकं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी सासूबाईंनी खार पाण्यात उकळला, गाळला आणि सढळ हाताने पिठात घातला. पापड फुलले, ते खरंच. रंग मात्र विटेचा आणि चव धुण्याच्या साबणाची. सासऱ्यांनी पहिला तुकडा चावला.

"कसा झालाय?" सासूबाईंनी विचारलं.

"जुन्या काळची चव आहे," ते म्हणाले आणि अख्खा पापड संपवला.

सासूबाईंनी स्वतः अर्धा खाल्ला आणि डब्याला झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी उरलेला खार घेऊन त्या प्रवरेवर गोधड्या धुवायला गेल्या. गोधड्या अशा निघाल्या, की आळीतल्या बाया वाट्या घेऊन दारात आल्या.

"गोधडीला घाला. पापडात घालू नका," सासूबाई प्रत्येकीला बजावत होत्या. "आमचे मास्तर आजारी पडले."

"मी आजारी पडलो नव्हतो," सासरे आतून म्हणाले.

ते खरं होतं. संध्याकाळी त्यांनी आणखी दोन पापड मागून घेतले होते.