वाजवल्याशिवाय पाऊल नाही

टकटक्याला खऱ्या नावाने शेवटची हाक कुणी आणि कधी मारली, हे आता त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली अडीचशे हात, त्याचं काम एकच होतं. लोखंडी टोकाची लांब काठी घ्यायची आणि डोक्यावरचं छत वाजवून पाहायचं. 'ठण्ण' आवाज आला की दगड एकसंध, माणसांना खुशाल आत सोडा. 'बद्द' आला की वर पोकळी आहे, दगड कधीही सुटेल. सगळे मागे व्हा, आधी लाकडी खांब लावा. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं आणि त्याच्या पाळीत एकाही माणसाच्या अंगावर छत आलं नाही. ज्याने सव्वीस वर्षं दगडावरसुद्धा विश्वास टाकला नाही, तो माणसांवर काय टाकणार?

घरीही तोच प्रकार. नवं पातेलं आलं की बोटाच्या पेराने टक टक. कलिंगड, पाण्याची टाकी, दुकानदाराने खात्रीने दिलेली खुर्ची, सगळं वाजवून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. थोरल्या मुलीने लग्न ठरवलं तेव्हा होणाऱ्या जावयाच्या पाठीत त्याने अशी काही थाप मारली की पोरगा चहासकट पुढे झुकला. सगळ्यांना वाटलं, सासऱ्याला भरून आलं. बायको मात्र त्याला ओळखून होती.

"वाजवून झालं का?" तिने आत गेल्यावर विचारलं.

"पोकळ नाही," तो म्हणाला. "ठीक आहे."

गेल्या तीन वर्षांत मात्र सगळ्या जगालाच पोकळी लागली होती. पूर्वी दिवसाकाठी छताची एखादी जागा बद्द निघायची, आता चार-चार निघू लागल्या. खांबांना लाकूड पुरेना, पाळीचा साहेब कुरकुरायला लागला. "दगड म्हातारा झालाय, साहेब," टकटक्या सांगायचा. दगडाचं एक वेळ ठीक, पण दुकानातली नवीकोरी भांडीही बद्द वाजायची. हल्ली धातूतच भेसळ, दुसरं काय. माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. बायको आणि धाकटी मुलगी स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजायच्या आणि तो दारात आला की एकदम मोठ्याने बोलायच्या. जेवायला बसताना दोघी हटकून त्याच्या डाव्या हाताला. कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

आणि सगळ्यांत जास्त पाणी मुरत होतं ते लंबूकडे. लंबू हा त्याचा पंधरा वर्षांचा जोडीदार. ताडमाड उंच, त्यामुळे खाणीत दिवसभर वाकून चालायचा आणि वर आल्यावरही सरळ व्हायला त्याला अर्धा तास लागायचा. एके दिवशी टकटक्याने एक गल्ली तपासली, पुढच्या वळणावर गेला आणि सहज मागे पाहिलं, तर लंबू तेच छत आपल्या काठीने हळूच वाजवत होता. त्यानंतर टकटक्याने पाळतच ठेवली. रोज तेच. तो पुढे गेला की मागे लंबूची काठी वर. साहेबाला दाखवायचं असणार, की म्हातारा चुकतो, काठी मला द्या. कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी. टकटक्याने त्याला हटकलं नाही. चोर पकडायचा तर त्याला कळू देऊन कसं चालेल?

अशात खाणीच्या फाटकावर नोटीस लागली. वीजकेंद्राच्या जुन्या भट्ट्या एकेक करून विझणार होत्या, म्हणून खाणही टप्प्याटप्प्याने बंद. ज्यांना हवं त्यांना पगार चालू ठेवून सौरऊर्जेचं काम शिकवणार, म्हणजे घरांच्या छपरांवर उन्हापासून वीज करणारी पॅनेलं बसवायची. पहिला महिना सकाळी वर्ग, दुपारी खाणीतली पाळी. महिना संपायच्या आत एका कागदावर सही करायची: खाणीतली जागा आपण राजीखुशीने सोडतो आहोत. सही केली की माणूस पुढच्या शिक्षणाला आणि नव्या नोकरीला. नाही केली तर खाण आहे तोवर खाणीत, पुढे ज्याचं त्याने पाहावं.

"राजीखुशीने," टकटक्या तो कागद उजेडात धरून म्हणाला. "जिथे खुशी लिहून घ्यावी लागते तिथे समजावं."

"करा हो सही," बायको म्हणाली. "इतकी वर्षं दुपारी पाळीवर गेलात की मी दाराकडे बघत बसते. पुरे झालं."

"आणि मी सही केली की काठी लंबूची. तुला कुणी सांगितलंय का हे माझ्या गळी उतरवायला?"

बायको भांडी घासायला निघून गेली.

वर्गाला मात्र तो पहिल्या दिवसापासून जाऊन बसला, शिकायला नव्हे, खोट काढायला. खाणीच्या जुन्या लाकूडकोठारात टेबलं मांडली होती. अजून राळेचा वास येत होता. शिकवणारी मॅडम त्याच्या धाकट्या मुलीच्या वयाची. तिचे ओठ भराभर हलायचे, पण शब्द निम्मेच पोहोचायचे. खरं सांगणारा माणूस असा पुटपुटतो का? मधेच सगळे हसायचे आणि याला विनोद सापडायचा नाही. म्हणजे हे सगळे आधीपासून सामील. छपरावर चढताना बांधायचा पट्टा हातात आला तेव्हा त्याने त्याचा आकडा वीस वेळा ओढून पाहिला, शिवणीवरून नख फिरवलं आणि एक पट्टा बाजूला टाकला. मॅडमने तो पाहिला. खरोखरच शिवण उसवत होती.

"काका, तुमच्यासारखी नजर हवी," ती म्हणाली.

गोड बोलून गळा कापणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. तो आणखी सावध झाला.

लंबूनेही अजून सही केली नव्हती. तो रोज शेजारच्या बाकावर बसायचा, पाय टेबलाखाली मावत नाहीत म्हणून तिरका. कागद त्याच्या खिशात तसाच घडी केलेला. टकटक्याने ते बरोबर ताडलं: मी आधी सही करायची वाट बघतोय लेकाचा.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना त्याच्या हाती पुरावाच आला. त्या दिवशी मॅडमने प्रत्येकाला दहा तारा आणि एक छोटा मीटर दिला. मीटरच्या दोन टोचण्या तारेच्या दोन टोकांना लावायच्या. तार अखंड असेल तर मीटर 'पीं' करून वाजणार, आतून तुटली असेल तर गप्प राहणार. दहांतल्या दोन मुद्दाम तुटक्या ठेवल्या होत्या, त्या शोधायच्या.

टकटक्याच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा जीव आला. वाजवून बघायचं, हे तर त्याचंच काम! त्याने पहिली तार घेतली. गप्प. दुसरी गप्प. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या गप्प. आजूबाजूला बाकीचे "वाजली, वाजली" म्हणत भराभर कागदावर खुणा करत होते. न वाजताच! होयबा सगळे. त्याने दहावी तार दोनदा तपासली आणि टोचण्या तशाच लावून धरत उभा राहिला.

"मॅडम, हा सगळा माल खोटा आहे," तो म्हणाला. खाणीतली सवय, आवाज मोठाच निघाला. "दहाच्या दहा तारा तुटक्या. आम्हाला असल्या कचऱ्यावर शिकवणार आणि त्यासाठी आमच्या नोकऱ्या लिहून घेणार? कुणाला फसवताय? ही बघा, आहे का आवाज?"

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला चाललं असतं, हसणाऱ्यांना उत्तर देता येतं. पण हे सगळे त्याच्या हाताकडे बघत होते, कुणीतरी पडताना बघावं तसे. मग लंबू तिरका होऊन उठला आणि त्याने टकटक्याच्या बोटांतून एक टोचणी हळूच सोडवून घेतली. सगळ्या वर्गाने एकदम श्वास सोडला.

"बस खाली," लंबू म्हणाला.

मॅडम त्याच्या समोर आली, अगदी समोर, आणि तिने टोचण्या परत तारेला लावून त्याचं बोट मीटरच्या पाठीवर ठेवलं. बोटाखाली बारीक थरथर होती. सव्वीस वर्षांच्या त्या बोटांना थरथर चांगली कळत होती.

"वाजतोय, काका," ती सावकाश म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येतोय."

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कानांना यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं, आणि शेवटी एक कागद दाखवला. त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ येऊन तिथून उतारावर घसरली होती.

"जाड आवाज येतात तुम्हाला," डॉक्टर म्हणाला. "बारीक, उंच आवाज गेलेत. उजव्या कानात जवळजवळ नाहीतच. खाणीतल्या यंत्रांची कृपा."

"दगड वाजवला तर?"

"चांगल्या दगडाची ठणक तुम्हाला पोहोचणार नाही. सगळा बद्दच वाटेल."

टकटक्याचा डॉक्टरवरही विश्वास बसला नाही. तो सरळ घरी आला, फडताळातलं जुनं पितळी पातेलं काढलं, लग्नानंतर पहिल्यांदा घेतलेलं, घंटेसारखं वाजणारं. पेराने टक् केलं. बद्द. पुन्हा केलं. पुन्हा बद्द.

"कसं वाजलं?" त्याने बायकोला विचारलं.

"ठण्ण. नेहमीसारखं." ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं होत आली."

"मग बोलली का नाहीस?"

"चारदा बोलले. तुम्ही म्हणालात, मला खाणीतून काढायचा डाव आहे."

त्याला आठवलं. खरंच तसं म्हणाला होता तो. साप साप म्हणून भुई धोपटली होती, आणि तीही घरातलीच. पातेलं उचलून त्याने परत फडताळात ठेवलं.

त्या दुपारी तो पाळीवर गेला. माणसांना खाली नेणारा लोखंडी पाळणा तळाशी टेकला, माणसं आपापल्या दिव्यांच्या उजेडात चालू लागली. वळणाशी टकटक्याने लंबूला थांबवलं आणि चांगला कान त्याच्याकडे केला.

"माझ्यामागून छत का वाजवतोस?"

लंबूने टाळलं नाही. "तुला ऐकू येत नाही म्हणून."

"मग साहेबाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुला घरी बसवलं असतं. आणि तू ठण्णला बद्द म्हणायचास, त्याने काय बिघडलं? चार खांब जास्त लागले. जास्त खांबांनी कुणी मरत नाही. पण एखाद दिवशी उलटं झालं असतं तर? म्हणून तुझ्यामागून एकदा मी बघून घ्यायचो. मी खाणीत नवा होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कॉलर धरून मागे ओढलं होतंस, विसरलास? मी उभा होतो तिथेच दगड आला होता."

टकटक्या विसरला होता. असे पुष्कळ ओढले होते त्याने.

"आणि त्या कागदावर सही का नाही केलीस? काठीसाठीच ना?"

"काठी घाल ती चुलीत!" लंबू पहिल्यांदाच चिडला. "मला काय हौस आहे इथे कमरेत मोडून जगायची? छपरावर सरळ उभं राहता येईल म्हणून पहिल्याच दिवशी सही करणार होतो. पण तू करेनास. तू खाली असताना मी वर कसा जाऊ? तुझ्यामागून छत कोण बघणार?"

टकटक्याला लाज वाटली. भर वर्गात वाटली होती त्याहून कितीतरी जास्त. या माणसाला त्याने तीन वर्षं पाण्यात पाहिलं होतं, आणि हा तीन वर्षं त्याच्या पाठीशी उभा होता, तोही वाकून.

"उद्या सकाळी जाऊ," तो म्हणाला. "दोघं मिळून सही करू. आज वर गेलो की साहेबाला मीच सांगतो. दुसऱ्या पाळीचा तपासनीस घेईल काम."

"बरं."

"आणि आज तू वाजव." त्याने आपली काठी पुढे केली. ती काठी आजवर त्याने कुणाच्या हातात दिली नव्हती.

लंबूने ती घेतली, दिवा वर केला आणि छत दोनदा वाजवलं. टकटक्याने जिवाचा कान केला. बद्द. बद्द. मागे पाळीतली नऊ माणसं थांबली होती.

"काय म्हणतंय?"

"ठण्ण."

"नक्की?"

"आता मलाही वाजवून बघणार का?" लंबू म्हणाला.

टकटक्याच्या कानात अजून ते बद्दच होतं. असल्या छताखाली सव्वीस वर्षांत त्याने कुणाला जाऊ दिलं नव्हतं, स्वतः तर पाऊलही टाकलं नव्हतं. त्याने डोक्यावरचं हेल्मेट नीट केलं, मागच्या माणसांना या म्हणून हात केला, आणि सगळ्यांच्या आधी तो आत गेला.