हेराची उडी

"तोंड बघू नका गुरुजी, पाठ बघा," शेजारचे गिरणीवाले म्हणायचे आणि टीव्हीकडे बोट दाखवायचे. हीरो गच्चीवरून उडी घ्यायचा. तो हवेत असेपर्यंत आपल्याला फक्त त्याची पाठ दिसायची. ती पाठ हीरोची नसते, हे मला त्यांच्याकडून कळलं. एका जुन्या चित्रपटात ती त्यांची होती.

पोलादपूरला त्यांची पिठाची गिरण आमच्या घराला लागून होती. मी शाळेतून आलो की चहा तिथेच व्हायचा. उजवा पाय खुब्यापासून आखडलेला, भुवयांवर कायम पीठ. तरुणपणी वरंधजवळच्या वाडीतून ते मुंबईला गेले आणि हीरोंचे डुप्लिकेट म्हणून पडायचं काम करू लागले.

त्या चित्रपटाचा हीरो एक गुप्तहेर होता; त्याचं नाव मी लिहीत नाही. तुमच्या मनात जो आला, तोच समजा. दर पिढीत एखादा नवा नट त्याला पडद्यावर आणतोच. गिरणीवाल्यांनी लहानपणी महाडच्या टॉकीजमध्ये पाहिलेला हेर सुटाबुटातला होता. एवढी उडी मारून उठला, की आधी टाय सरळ करायचा. यांच्या वेळेपर्यंत त्याचा सूट गेला, दंड फुगले, शर्ट फाटला. भीती मात्र त्याला ठाऊकच नव्हती. त्याच चित्रपटात हे गच्चीवरून पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पडले आणि खोकी सरकली. शॉट ओके झाला, पाय गेला. ती उडी चित्रपटात तशीच आहे. लोक तिथे शिट्ट्या मारायचे.

पुढे तो हेर पुन्हा आला, तेव्हा त्याचे केस पिकले होते आणि मित्र मेल्यावर तो रडला. हे चिडले. "हेर रडतो काय, गुरुजी? मग आपल्यात नि त्याच्यात फरक काय?" त्यांची मुलगी प्रणाली हसून म्हणाली, "बाबा, मला तर हाच खरा वाटला." यावर बापलेकीचं दोन दिवस बोलणं नव्हतं.

प्रणालीला त्यांनीच पडायला शिकवलं होतं. गिरणीमागे कोंड्याच्या गोणी रचायच्या आणि माळ्यावरून उडी. ते खालून ओरडायचे, "मागं बघायचं नाय." पोरीने तेच काम धरलं तेव्हा मात्र त्यांनी खूप आदळआपट केली. ती ऐकणारी नव्हती.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली. नव्या चित्रपटात तो हेर चक्क बाई झाला होता, आणि त्या बाईची पाठ प्रणालीची होती. शूटिंग वरंध घाटात होतं. हे मला म्हणाले, "चला, बघून येऊ." त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या नाहीत.

दरीवर पुढे आलेला एक कातळ होता. तिथून प्रणालीने उडी घ्यायची, कमरेला दोर, पलीकडे क्रेन. आम्हाला बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या. ऊन उतरत होतं आणि दिग्दर्शक सारखा सूर्याकडे बघत होता. प्रणाली कातळाच्या टोकाशी गेली. यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

ती उभीच राहिली. मग वळून परत आली.

"आज नको. वारा खालून वर येतोय. दोर कातळाकडे जाईल."

फाईट मास्टरने दोर पुन्हा तपासला. म्हणाला, सगळं ठीक आहे. दिग्दर्शक म्हणाला, उजेड चालला, उद्या नटीच्या तारखा नाहीत, दुसरी मुलगी बोलवायला वेळ लागणार नाही. प्रणाली मान खाली घालून उभी होती, पण टोकाकडे पाऊल टाकत नव्हती. शेवटी मास्टर यांच्याकडे आला. "काका, तुम्ही समजवा तिला. तुमच्या वेळी असं कुणी थांबायचं का?"

हे काठी टेकत उठले. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही.

जवळ जाऊन त्यांनी हळूच विचारलं, "भ्या वाटतंय?"

तिने दरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

"मग तसं सांग. मोठ्यानं सांग."

तिने मान वर केली. "मला भीती वाटतेय. मी आज उडी मारणार नाही."

हे तिच्या शेजारी उभे राहिले, दिग्दर्शकाकडे तोंड करून. सूर्य डोंगराआड गेला आणि कुणीतरी पॅकअप म्हणालं.

आम्ही जीपने परत निघालो. पोलादपूर जवळ आल्यावर ते म्हणाले, "दोर मला तर बरोबर दिसत होता." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी गच्चीवर मला पन वाटलं होतं भ्या. हेर भीत नाय, तर मी कसा भिऊ?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. वहिनींनाही नसावं.

प्रणालीला काढलं नाही. वारा पडल्यावर एका सकाळी तिने उडी मारली. हे गेले नाहीत. दळण नसताना रिकामी गिरण चालवत बसले, प्रणालीचा फोन आला तेव्हाच बंद केली.

पावसाळ्यात हृदयाच्या झटक्याने ते गेले. चित्रपट त्यानंतर आला.

त्यांच्या घरीच आम्ही तो टीव्हीवर पाहिला. प्रणाली दुसऱ्या शूटिंगला होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवऱ्याचा एकही चित्रपट त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. पडद्यावर तो कातळ आला. नटीने खाली दरीत पाहिलं आणि ती मागे सरकली. "डर लग रहा है," ती म्हणाली. दिग्दर्शकाने प्रणालीचं ते वाक्य हेराच्या तोंडी घातलं होतं. मग तिने उडी घेतली.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

"गुरुजी," त्यांनी तसंच विचारलं, "पोर उतरली का खाली?"

"उतरली, वहिनी."

तरी त्यांनी लगेच डोळे उघडले नाहीत.