गांजाचं वजन करायला पोलीस चौकीत

राग आला की माझं डोकं बंद पडतं आणि पाय चालू लागतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून हसण्याआधी थोडी दया येईल.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. म्युनिकला पीएच.डी. करत होतो. फ्लॅटमध्ये माझ्यासोबत टोबियास, मूळचा बॉनचा. हा पठ्ठ्या रोज बाल्कनीत गांजा ओढणार आणि वास माझ्या वाळत घातलेल्या शर्टांना लागणार. एक दिवस प्रोफेसर माझ्याजवळ आले आणि माझा शर्ट हुंगून निघून गेले. माझी सटकली.

"टोबियास, गुन्हा आहे हा. आत जाशील."

"छे रे. थोडाच असला तर सरकारी वकील केस बंद करतो. बॉनमध्ये कोणी बघतही नाही."

"हे बॉन नाही, बव्हेरिया आहे. इथले पोलीस कडक आहेत."

"मग जा, विचार पोलिसांना."

असं म्हटल्यावर कोणी खरंच जातं का? मी गेलो. वर 'थोडा' म्हणजे नक्की किती ते कळावं, म्हणून त्याची पुडीच खिशात घालून गेलो.

चौकीत काउंटरवर एक बाई होत्या. मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली. "जरा वजन करा. एवढ्याला शिक्षा किती?"

"कुणाची आहे?"

"माझ्या फ्लॅटमेटची. तो ओढतो."

"ओढणं गुन्हा नाही. जवळ बाळगणं गुन्हा आहे. आत्ता ही कुणाच्या खिशातून निघाली?"

मी भडकलो. ओढणारा घरी सोफ्यावर लोळतोय, मी आयुष्यात साधी सिगरेट पेटवली नाही, आणि गुन्हेगार मी? असेल नसेल तेवढं जर्मन काढून भांडलो. बाई शांतपणे टाइप करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बेशुल्डिग्टर म्हणून जबाब देताय?"

मला वाटलं, बेशुल्डिग्टर म्हणजे आरोप करणारा. "गेनाऊ, अगदी बरोबर," मी ठणकावून म्हणालो आणि सही ठोकली.

त्याचा अर्थ आरोपी, हे घरी येऊन डिक्शनरीत पाहिलं.

पुढचे दोन महिने व्हिसा जाणार या धास्तीनं मी रोज पत्रपेटी उघडून बघत होतो. मग सरकारी वकिलाचं पत्र आलं. टोबियासनंच वाचून दाखवलं: माल थोडा, दोष किरकोळ, केस बंद.

पत्राची नीट घडी घालून माझ्या हातात देत तो म्हणाला, "मी आठ वर्षं ओढतोय, पोलिसांना माझं नावही माहीत नाही. तुझी मात्र फाइल आहे."